टेकू आधी, करवत नंतर: इंदूरच्या जुन्या वाड्यातल्या खांब-तुळयांची दुरुस्ती

इमली बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. वाडा म्हणण्याइतकं मोठं नाही, पण चौक आहे, ओटी आहे, माजघर आहे आणि सगळा डोलारा सागवानी खांबांवर उभा आहे. काही वर्षांपूर्वी माजघरातली एक तुळई भिंतीकडच्या टोकाला खचली. ठेकेदार आला, दहा मिनिटं फिरला आणि म्हणाला, "भिया, ये तो गिराना पड़ेगा." दुसऱ्या दिवशी ओळखीतून एक म्हातारे सुतार आले. त्यांनी तुळईकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "वर पाणी कुठं थांबतं?"

घर अजून उभं आहे. तीन उन्हाळे काम चाललं, त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. मी इंजिनिअर नाही, घरमालक आहे. कुठे इंजिनिअरला बोलवायलाच हवं, तेही त्या-त्या ठिकाणी सांगेन.

सांगाडा ओळखा

आजच्या आरसीसी घरात कॉलम, बीम आणि स्लॅब एकसंध ओतलेले असतात. वाड्यात तसं नाही. पाट (जमिनीच्या फळ्या) कड्यांवर, कड्या (बारीक आडवी लाकडं) तुळईवर, तुळई (मुख्य जाड आडवं लाकूड) हस्तावर, हस्त (खांबाच्या डोक्यावरचा आडवा लाकडी तुकडा) खांबावर, खांब दगडी तळखड्यावर आणि तळखडा जोत्यावर टेकलेला. प्रत्येक तुकडा सुटा आहे, खालच्यावर वजन टाकून स्वस्थ बसलेला. खांबाच्या डोक्याला कुसू असतं, ते वरच्या लाकडाच्या भोकात जातं, फार तर एखादी पाचर ठोकलेली असते. खिळा जवळपास नसतोच. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठं हे खणांत सांगायची पद्धत त्यातूनच आली.

इंदुरात याचा सगळ्यात मोठा नमुना रोज डोळ्यांसमोर असतो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली, तसा दरबाराशी बांधलेल्या मराठी घरांचा पसाराही वाढला, आणि त्या घरांत हीच पद्धत लहान मापात उतरली. मात्र आपल्याकडचा सांगाडा अर्धा लाकडी असतो, हे ध्यानात ठेवा. चौकाकडची बाजू खांबांवर असते, पण बाहेरची भिंत दीड-दोन फूट जाड विटांची असते आणि तुळईचं दुसरं टोक तिच्या पोटात शिरलेलं असतं. दुखणं बहुतेक वेळा त्या न दिसणाऱ्या टोकाला असतं.

आणखी एक गैरसमज आधीच काढतो. "वजन खांबांवर आहे ना, मग मधली भिंत काढून टाकू, हॉल मोठा होईल," असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. आमच्याकडे धाकट्या काकांनी म्हटलं होतं. मधली भिंत उभं वजन घेत नसेल हे खरं. पण खांब आणि तुळई यांचा सांधा बिजागरीसारखा सैल असतो, चौकट एका अंगाला कलायला लागली तर तिला अडवणारं त्या भिंतीशिवाय काही नसतं. काड्यापेटीचं आतलं खोकं काढून बाहेरचं टरफल बोटांनी दाबून पाहा, म्हणजे कळेल. एका गल्लीत दुकानाच्या शटरसाठी तळमजल्याच्या दोन भिंती काढलेल्या मी पाहिल्या आहेत. वरचा मजला वर्षभरात रस्त्याकडे झुकला.

पहिलं काम: नकाशा, ओळंबा, पाणसळ

करवत, हातोडा काही हातात घेण्याआधी चौकटीच्या वहीत प्रत्येक मजल्याचा नकाशा काढा. खांबांना आकडे द्या, तुळयांना अक्षरं द्या. वरच्या मजल्याचा खांब खालच्या खांबाच्या बरोबर डोक्यावर येतो का, ते तपासा. पिढ्या बदलल्या, वाटण्या झाल्या, कुणी जिना हलवला, कुणी मोरी वर नेली. अशात एखादा खांब खालून गायब झालेला असतो आणि वरचा बिचारा तुळईच्या मधोमध उभा राहतो. असा खांब सापडला तर नकाशावर लाल खूण करा. इंजिनिअरला पहिल्यांदा तोच दाखवायचा.

मग ओळंबा. प्रत्येक खांब दोन बाजूंनी तपासा आणि वरपासून खालपर्यंत किती सूत कलला आहे ते लिहा. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे सूत साधारण तीन मिलिमीटर. आपल्याकडचे मिस्त्री अजून सुतातच बोलतात. त्यानंतर पाणसळ. लेझर लेव्हल मिळाली तर उत्तमच, पण पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पाणसळही तितकीच खरी बोलते. सगळ्या खांबांवर एका पातळीत पेन्सिलीची रेघ मारा आणि प्रत्येक रेघेपासून तळखड्याचं अंतर मोजा. कुठला खांब खाली बसला आहे, ते अर्ध्या तासात समजतं.

हे मोजमाप एकदा करून भागत नाही, कारण आपण माळव्याच्या काळ्या मातीवर राहतो. मे महिन्यात ही माती भेगाळते, जुलैत पाणी पिऊन फुगते. जोतं खडकापर्यंत गेलेलं नसेल तर अख्खं घर वर्षाला एकदा श्वास घेतं. मेमध्ये पडलेली भेग ऑगस्टमध्ये मिटलेली दिसली तर दोष लाकडाचा नाही, मातीचा आहे, आणि तिथे तुळई बदलून काहीच साधणार नाही. भिंतीच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे असं समजा. आम्ही सहा पट्ट्या लावल्या होत्या. चार सलग राहिल्या, दोन तडकल्या. त्या दोन्ही मोरीच्या पाइपाजवळच्या होत्या.

दुसरं काम: लाकूड तपासणं

यासाठी तीन वस्तू लागतात: लहान हातोडी, दाभण किंवा जाड टोच्या, आणि टॉर्च. हातोडीने ठोकत जा. घट्ट लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. दहा-पंधरा ठिकाणी ठोकलं की कान तयार होतो. बद्द वाजलं तिथे दाभण दाबा. चांगल्या सागात ते एखाद-दुसऱ्या सुतापलीकडे जात नाही. अर्धा इंच सहज गेलं तर तिथे लाकूड उरलेलं नाही.

कुठे शोधायचं? खांबाच्या पायाला सगळ्यात आधी. मूळ घरात तळखडा जमिनीपासून वर उठलेला होता, लाकडाला ओल लागू नये म्हणून. पुढे शहाबादी आली, तिच्यावर कोटा आला, त्याच्यावर टाइल्स; दर वेळी फरशी दोन-तीन इंच वर चढली आणि तळखडा पोटात गेला. आता फरशी पुसताना बादलीतलं पाणी थेट खांबाच्या पायात मुरतं. आमच्या आठ खांबांपैकी पाचांचे तळखडे फरशीखाली गाडलेले निघाले. दुसरी जागा, भिंतीत शिरलेली तुळईची टोकं. तिसरी, न्हाणीघराखालच्या आणि पन्हळीखालच्या कड्या. बाकीचं घर सावकाश पाहिलं तरी चालतं.

किडीच्या खुणा वेगवेगळ्या असतात. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून लाकडाकडे चढल्या असतील तर वाळवी, आणि ती जमिनीतून येते आहे. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेरा. लाकूड तपकिरी होऊन विटांसारख्या चौकोनी तुकड्यांत फुटत असेल तर बुरशी, म्हणजे जवळपास कुठेतरी पाणी आहे. सागाला वाळवी लागत नाही असं म्हणतात, ते गाभ्याच्या लाकडापुरतं खरं आहे. बाहेरचा फिकट भाग वाळवी आवडीने खाते आणि जुन्या तुळयांच्या कडांना तो बऱ्याचदा शिल्लक असतो. त्यामुळे वरून भयंकर दिसणारी तुळई आतून ठणठणीत निघू शकते. तासून पाहिल्याशिवाय बदलायचा निर्णय घेऊ नका.

आता भेगा. लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांबच लांब गेलेल्या भेगा पाहून माणसं घाबरतात. त्या बहुतेक सुकताना पडलेल्या असतात, दीडशे वर्षं तशाच आहेत आणि राहतील. भीती वाटायला हवी ती दोन भेगांची. एक, तुळईच्या खालच्या अंगाला, मधल्या भागात, रेषा सोडून तिरकी वर चढणारी. दुसरी, टोकाशी जिथे तुळई खाचून बसवली आहे, तिथल्या खाचेच्या कोपऱ्यातून आडवी निघालेली. यातली एकही दिसली तर त्याच दिवशी वरची खोली रिकामी करा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन करा आणि तो सांगेल तसा खाली टेकू लावा.

ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन सुया लाकडात टोचून आकडा दाखवतं. सुक्या घरातलं लाकूड १०-१५ टक्क्यांच्या आसपास असतं. २० टक्क्यांच्या वर आकडा टिकून राहिला तर बुरशीला आमंत्रण. नुसता एक आकडा काही सांगत नाही. एकाच तुळईवर मधोमध १२ आणि भिंतीजवळ २६ आला, तर काय झालंय ते समजायला शास्त्र शिकावं लागत नाही.

तिसरं काम: वजन मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मला तीच सगळ्यात उपयोगाची वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा तुमची तुळई ८ इंच रुंद, १० इंच उंच आहे, आधारापासून आधारापर्यंत ३.६ मीटर म्हणजे १२ फूट, आणि दोन तुळयांमधलं अंतर २.४ मीटर. वरच्या जमिनीत कड्या आणि पाट धरून चौरस मीटरला ४० किलो, त्यावर सहा इंच मातीचा भराव २५० किलोच्या थोडा वर, वरची फरशी ५०-६० किलो. झाले साधारण ३५०. माणसं, कपाटं, पलंग यांच्यासाठी घरात २०० किलो धरायची रीत आहे. एकूण ५५०. एका तुळईच्या वाट्याला येते ३.६ गुणिले २.४ म्हणजे ८.६ चौरस मीटर जागा. म्हणजे पावणेपाच टन! एका तुळईवर. आणि त्यातलं जवळजवळ निम्मं वजन नुसत्या मातीचं.

एवढ्या वजनाने तुळईत वाकण्याचा ताण चौरस मिलिमीटरला १० न्यूटनच्या आसपास येतो. निरोगी सागाला हे झेपतं, पण हातात फार काही शिल्लक राहत नाही. आता याच तुळईची खालची दोन इंचं कुजली किंवा कुणी पाइपासाठी खाचली, तर उंची दहाची आठ होते. तुळईची ताकद उंचीच्या वर्गाने बदलते, म्हणून ती वीस टक्क्यांनी घटत नाही, छत्तीस टक्क्यांनी घटते. ताण १५-१६वर जातो. हे सुरक्षित नाही. ताठपणा तर उंचीच्या घनाने बदलतो, तो निम्म्यावर येतो. रुंदी कमी झाली तर इतकं बिघडत नाही. म्हणून तुळईच्या बाजूला खिळा ठोकलेला चालेल, तिच्या खालच्या अंगाला मधोमध खाच कधीही नको. तार किंवा बारीक पाइप न्यायचाच असेल तर उंचीच्या मध्यावर लहान गोल भोक पाडा.

पाण्याची टाकी हा वेगळाच प्रकार. हजार लिटरची काळी टाकी म्हणजे एक टन. ती वरच्या उदाहरणातल्या तुळईच्या मधोमध ठेवली तर वाकवणारा जोर चाळीस टक्क्यांनी वाढतो. नर्मदेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं म्हणून टाकी हवीच, मान्य. पण तिची जागा बाहेरच्या जाड भिंतीच्या डोक्यावर, दोन लोखंडी चॅनलांवर (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी तुळयांवर). चौकाकडच्या पडवीवर कदापि नको.

या हिशेबातून सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आपोआप सापडते. सहा इंच भरावातली चार इंच माती काढून टाका. चौरस मीटरला १७० किलो कमी होतात, म्हणजे एकूण वजनाचे तीस टक्के. आमच्या वरच्या खोलीतून माती उतरवली तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरल्या, गल्लीतले लोक विचारायला आले की पाया खणताय का. तुळईला हात न लावता ती एक-दीड सूत वर आली. माती काढताना मात्र अर्धी खोली रिकामी, अर्धी भरलेली असं करू नका. मधून दोन्ही बाजूंना, थर-थर काढत जा आणि काढलेली माती क्षणभरही शेजारच्या खोलीत साठवू नका.

झोल किती चालतो? छताला प्लास्टर असेल तर लांबीचा ३६०वा भाग, नसेल तर २४०वा, असा भारतीय मानक संहितेचा संकेत आहे. १२ फुटांच्या तुळईला २४०वा भाग म्हणजे १५ मिलिमीटर. पण लाकूड वर्षानुवर्षं वजनाखाली हळूहळू वाकतच राहतं आणि तो वाक कायमचा होतो. शंभर वर्षांच्या तुळईत २०-२५ मिलिमीटरचा झोल दिसला तर लगेच धसका घेऊ नका. तो वाढतो आहे का, हे पाहणं जास्त महत्त्वाचं.

चौथं काम: पाणी बंद करा

इथे फार लिहायला नको, पण हे झाल्याशिवाय पुढे गेलात तर पैसे वाया जातील. कौलं, पत्रे, पन्हळी आधी. न्हाणीघर वरच्या मजल्यावर असेल तर ते खाली आणा किंवा निदान बाहेरच्या भिंतीलगत न्या. गल्लीचा रस्ता दर काँक्रीटीकरणाला वर चढतो आणि जोतं खाली राहतं. उंबऱ्याबाहेर नाली हवी. पावसाचं पाणी पायापासून तीन-चार फूट लांब पडलं पाहिजे. काळ्या मातीसाठी तर हे औषधच आहे.

आणि सिमेंट! आमच्या खचलेल्या तुळईचं मूळ दुखणं हेच होतं. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तिचं टोक भिंतीत सिमेंटने गच्च बुजवून टाकलं होतं. जुनी वीट आणि चुना ओल शोषतात आणि परत सोडतात. सिमेंटने ती वाट बंद केली, ओल लाकडात अडकली, टोक दहा-बारा वर्षांत भुसा झालं. वाड्याच्या विटांना चुन्याचाच गिलावा करा. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, मिस्त्री कुरकुर करतो, करू द्या.

पाचवं काम: टेकू

जीव जातात ते इथे. म्हणून हे काम इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय करू नका.

पहिली गोष्ट, टेकू थेट जमिनीपर्यंत गेला पाहिजे. पहिल्या मजल्याची तुळई उचलायची म्हणून पहिल्या मजल्याच्या फरशीवर टेकू लावला तर ते वजन खालच्या कड्यांवर येतं, ज्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. वर टेकू, त्याच्या बरोबर खाली तळमजल्यावर टेकू, त्याच्याखाली जाड फळी. फळी कशाला? खांबाच्या बुडाएवढ्या जागेत दोन-अडीच टन आले तर जुनी फरशी फुटते आणि खालची माती दबते. तीन इंच जाड, नऊ-दहा इंच रुंद, चार फूट लांब फळी घातली की वजन पसरतं.

बांबूच्या बल्ल्या यासाठी नकोत. स्लॅबच्या सेंटरिंगला वापरतात ते आट्याचे, म्हणजे स्क्रूसारखे फिरवून वर-खाली करायचे लोखंडी जॅक घ्या. सियागंजात हार्डवेअर सगळं मिळतं. जॅक मात्र भाड्याने घ्या. गाडीचा तेलावरचा जॅक उचलायला वापरला तरी त्याच्या भरवशावर रात्र काढायची नाही, तेल सुटलं की तो बसतो.

एका जागी एकच टेकू नको. तुळईच्या खराब टोकापासून चांगल्या लाकडात एक-दीड फूट आत दोन टेकू लावा आणि त्यांच्यामध्ये तिरक्या पट्ट्या बांधा, नाहीतर धक्का लागून लोळतील. मग उचलणं. दिवसाला अर्धा सूत, फार तर एक. आटा फिरवा, थांबा, भिंतीकडे कान द्या, वरच्या मजल्यावर कुणाला तरी उभं करा. लाकडाने कुरकुर केली तर त्या दिवसापुरतं बस. आमच्या सुतारांचा नियम होता की सकाळी फिरवायचं, संध्याकाळी पाहायचं. संध्याकाळी कधीच फिरवायचं नाही, कारण रात्री काही झालं तर बघायला कुणी नसतं.

तुळई पूर्ण सरळ करायचा हट्ट सोडा. तिचा वाक कायमचा झालेला आहे, वरच्या भिंती, दारं, खिडक्या त्या वाकाशी जुळवून बसल्या आहेत. जबरदस्तीने सरळ केली तर तुळई राहील पण वरची भिंत फाटेल. आम्ही अडीच इंच खचलेलं टोक पावणेदोन इंच उचललं आणि थांबलो.

सहावं काम: प्रत्यक्ष दुरुस्ती

*खांबाचा पाय.* कूज एक फुटाच्या आत असेल तर सगळ्यात देखणा आणि टिकाऊ उपाय दगडाचा. टेकूवर वजन घेऊन खांब चांगल्या लाकडापर्यंत कापा, खाली तेवढा उंच काळ्या दगडाचा नवा तळखडा बसवा, मध्ये स्टेनलेस स्टीलची एक खुंटी घाला म्हणजे पाय सरकणार नाही. दगड फरशीच्या वर किमान चार इंच दिसला पाहिजे. दगड आणि लाकूड यांमध्ये डांबरी कागदाचा तुकडा ठेवा, ओल वर चढत नाही. पाचपैकी चार खांब आम्ही असेच केले.

कूज वर गेली असेल तर नवा तुकडा जोडावा लागतो. जुना आणि नवा दोन्ही निम्मे-निम्मे कापून एकमेकांवर बसवायचे. हा जोड खांबाच्या बाजूच्या किमान अडीच-तीन पट लांब हवा, म्हणजे सहा इंची खांबाला पंधरा ते अठरा इंच. त्यातून बोल्ट आरपार घालायचे, टोकापासून बोल्टच्या व्यासाच्या सातपट आणि कडेपासून चौपट अंतर सोडून. याहून जवळ भोक पाडलं तर लाकूड फाटतं.

*तुळईचं भिंतीतलं टोक.* तीन वाटा आहेत. जागा असेल तर भिंतीलगत नवा खांब उभा करून तुळईच्या चांगल्या भागाला आधार द्या. त्याला स्वतःचा पाया हवा, फरशीवर उभा करून चालणार नाही. जागा नसेल तर तुळईच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनल लावून ती आरपार बोल्टने आवळा आणि चॅनलची टोकं भिंतीत दगडी पाटावर टेकवा. चॅनलचं माप आणि ती चांगल्या लाकडात किती आत न्यायची, हे इंजिनिअर ठरवेल. तिसरी वाट, कुजलेलं टोक कापून नवं लाकूड जोडायचं. यासाठी हात बसलेला सुतार लागतो आणि तसे आता थोडेच उरलेत. आम्ही दुसरी वाट धरली. दिसायला फारशी चांगली नाही, हे कबूल.

कुठलीही वाट घ्या, टोकाभोवती भिंतीत अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा ठेवा. वारा खेळला की लाकूड सुकं राहतं.

*मधोमध झोललेली तुळई.* "मध्ये एक खांब लावून टाकू," हा सल्ला सगळे देतात. जपून. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईत ओढ खालच्या अंगाला असते. मध्ये टेकू आला की त्या टेकूच्या डोक्यावर ओढ वरच्या अंगाला जाते, आणि नेमकं तिथेच वरच्या कड्यांसाठी तुळई खाचलेली असते. शिवाय नव्या खांबाखालची काळी माती पावसाळ्यात फुगून तुळईला खालून ढकलते. आधी भराव कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर बाजूला जोडतुळई किंवा पोलादी पट्टीचा विचार इंजिनिअरबरोबर करा.

*कड्या.* एखाद-दुसरी गेली असेल तर शेजारी नवी सरकवा, जुनी काढायची गरज नाही.

लाकूड कुठलं घ्यायचं

जुन्या सागाशी नवा साग जोडणार असाल तर हरदा-बैतूलकडचा चांगला साग घ्या आणि बिलासोबत वन विभागाचा वाहतूक परवाना मागून घ्या. लाकूड घनफुटात मोजतात. मोजताना फिकट कड धरली आहे का, पाहा. ओलं लाकूड स्वस्त मिळतं आणि नंतर महाग पडतं, कारण ते आडवं आकसतं आणि सांधे सैल होतात. मला पाडलेल्या घरांतलं जुनं लाकूड जास्त पसंत आहे. ते सुकून-सुकून जेवढं आकसायचं तेवढं आकसलेलं असतं. आत मोडके खिळे असतात, त्यामुळे करवतवाला तोंड वाकडं करतो. ठोकून, दोन्ही टोकं पाहून घ्या.

वाळवीसाठी जमिनीत औषध पेस्ट कंट्रोलवाल्याकडून टोचून घ्या. उघड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोन-तीन हात देता येतं. पावसात भिजणाऱ्या जागी ते धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या लाकडाला. ऑइल पेंटचे थर मात्र खरवडून काढा. त्यांच्याखाली ओल कोंडते, शिवाय आग लागली तर तेच आधी पेटतात.

आगीचं बोलायचं तर राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा जळला. तरी जाड लाकूड आगीत एकदम कोसळत नाही. वर कोळशाचा थर धरतो, तो आतल्या लाकडाला काही काळ राखतो. मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर असं ते जळत जातं. आठ-दहा इंची तुळई बराच वेळ तग धरते. पातळ पाट आणि त्यांच्या फटी मात्र आग वरच्या मजल्यावर पोचवतात. घरगुती धोका आहे तो लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या वायरिंगचा. सगळ्या तारा पाइपात घ्या, एमसीबी आणि विजेची गळती ओळखणारा ब्रेकर बसवा. हा खर्च तुळईच्या आधी करा, असं मी म्हणेन.

परवाना, शेजारी आणि वर्षाची फेरी

पावसाळ्याआधी नगर निगम जर्जर घरांना नोटिसा देतं. इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल, नकाशा आणि टेकू लावल्याचे तारखेसकट फोटो फाइलमध्ये असले तर बोलायला आपल्याकडे काहीतरी असतं. बहुतेक वाड्यांची बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. तिच्यातल्या तुळईला हात लावण्याआधी त्यांच्याकडे जाऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या. आम्ही काढले नव्हते. शेजारच्या काकूंच्या देवघरातली जुनी भेग आमच्या नावावर जमा झाली.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८मध्ये इंदूर दरबाराला शहराचा अहवाल दिला, त्यात जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी जपून, जरुरीपुरतीच काटछाट करायचा आग्रह होता. तो अहवाल वाचला तेव्हा आमच्या सुतारांची आठवण झाली. त्यांनी गेडिसचं नाव ऐकलं नसणार.

काम झाल्यावर पहिल्या वर्षी सगळे बोल्ट आणि पाचरा एकदा पुन्हा आवळाव्या लागतात, नवं लाकूड थोडं आकसतंच. त्यानंतर वर्षातून दोन फेऱ्या: मेच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये. पन्हळी साफ करायच्या, तळखड्याभोवती हात फिरवून ओल पाहायची, पाणसळीच्या रेघा मोजायच्या, वहीत लिहायचं. रंगपंचमीनंतरची एक फेरी आम्ही वाढवली आहे. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याला ताडपत्री घालतात, आमच्या ओटीला कोण घालणार? पिचकाऱ्यांचं रंगीत पाणी रस्त्याकडच्या खांबांच्या पायात साचतं, ते त्याच संध्याकाळी पुसून घ्यावं लागतं. माजघरातल्या तुळईवर मी दर मे महिन्यात पेन्सिलीने रेघ आणि साल लिहितो. गेल्या पाच रेघा एकाच जागी आहेत, शेवटची तर आधीच्यांवर इतकी बरोबर बसली की साल लिहायला बाजूला जागा शोधावी लागली.